बाहेरून सांगलीत परतलेल्यांनो, पोरांच्या शाळेचं काय केलंत?

आम्ही चौघं मे महिन्यात कायमचे सांगलीला आलो. गावभागात, सासऱ्यांच्या जुन्या घरात. त्याआधी सात वर्षं स्टुटगार्टला होतो, तेही शहराच्या ऐन मध्यात, पश्चिम भागात. चौथा मजला, लिफ्ट नाही आणि पाळीपाळीने जिना झाडायचा. ज्याची पाळी त्याच्या दारावर शेजारी पाटी अडकवून जातात. आपल्याकडे वाड्यात पाण्याच्या मोटरवरून भांडणं होतात, तिकडे जिन्यावरून.

थोरला तिथे तिसरीत होता. शाळा घरापासून दोन चौक पुढे. पहिल्या दिवशी पोराच्या छातीएवढा कागदी शंकू खाऊ आणि पेन्सिलींनी भरून हातात देतात, तो घेऊन तो धापा टाकत निघाला होता. पालकसभेत बाईंनी पहिलंच सांगितलं, मुलांना गाडीतून आणू नका, चालत येऊ द्या. महिनाभरात तो चमकणारा पट्टा अडकवून एकटा जायला लागला. मी आपली खिडकीतून बघत उभी.

सांगलीत आल्यावर जो तो विचारणार, "सीबीएसई का स्टेट?" पोरगं शाळेत जाणार कशानं, हे कोणी विचारलं नाही. गावाबाहेरच्या तीन शाळा बघून आलो. छान आहेत, मैदानं मोठी आहेत, पण बस सकाळी पावणेसातला आणि परत यायला साडेतीन. शेवटी पेठेतली, घरापासून सात मिनिटांवरची, सेमी इंग्रजीची शाळा घेतली. नवऱ्याला अजून पटलेलं नाही. पहिल्या दिवशी आजोबा सोडायला गेले. वाटेत पानवाला, निवृत्त पोस्टमन, शाळेतला कोणी जुना मित्र असे थांबत थांबत सात मिनिटांच्या वाटेला पाऊण तास लागला. नातू उशिरा पोचला आणि आजोबा बाईंना म्हणाले, "ओळख करून देत होतो की गावाची."

दाखल्याचं सांगून ठेवते. तिकडे आपल्यासारखा 'शाळा सोडल्याचा दाखला' नसतो. प्रगतिपुस्तक आणि नाव कमी केल्याचं पत्र मिळतं. कार्यालयात "हे चालत नाही" असं ऐकावं लागलं. शिक्षण हक्क कायद्यात (२००९) मुलाला वयाप्रमाणे वर्ग द्यायची तरतूद आहे आणि सरकारी-अनुदानित शाळेला दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. हे शांतपणे सांगितल्यावर काम झालं. आवाज चढवला असता तर झालं नसतं, असं सासरे म्हणतात.

तुमचे अनुभव लिहा. फक्त चांगले नकोत.

दुबईहून, आता खणभाग

आम्ही २०१९ च्या जूनमध्ये आलो. तारखेवरूनच कळलं असेल पुढे काय झालं ते. मिस्टर तिकडेच, मी आणि दोन मुली सासूबाईंजवळ. तेव्हा दुबईत शुक्रवार-शनिवार सुट्टी असायची, त्यामुळे धाकटी पहिल्याच रविवारी उठून गणवेश घालून दप्तर पाठीला लावून बसली. तिला रविवारी शाळा नाही हे पटवता पटवता नाष्टा गार झाला.

ऑगस्टमध्ये पाणी आलं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, त्या वेळी ५७ च्याही वर गेलं. आम्ही होडीतून निघालो आणि मिरजेला मावशीकडे राहिलो. परत आलो तर खालच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात चिखल. त्यातच मुलींचे दाखले, तिथल्या शिक्षण खात्याच्या शिक्क्यांसकट. सासूबाईंनी ते दोन जुन्या धोतरांच्या मध्ये घालून इस्त्रीनं वाळवले. निळा शिक्का पसरून ढगासारखा झालाय. शाळेतल्या क्लार्कनं उजेडात धरून बघितला आणि म्हणाला, "ह्या वर्षी सगळ्यांचे असेच आहेत, वहिनी." एका शब्दानं अडवलं नाही.

तेव्हापासून कागदपत्रं माळ्यावर. नदीकाठच्या भागात घर घेणाऱ्यांनी शाळेचं अंतर बघायच्या आधी भिंतीवरची पाण्याची रेघ बघावी.

विटा भागातली, मुक्काम त्रिशूर

आमचा परदेश म्हंजे केरळ. मालकांचं गलाईचं दुकान आहे, सोनं-चांदी आटवायचं. आमच्या खानापूर, आटपाडी भागातली कितीतरी घरं अशी देशभर पसरल्यात, साताऱ्याकडच्या माण-खटावची पण. दुकान बाजारपेठेतच असतंय, त्यामुळं राहणं पण तिथंच, माडीवर. खाली ॲसिडचा वास, वर माझा स्वैपाक. देवळाभोवतीचा मोठा गोल रस्ता तिथनं चालत जवळ. पूरमच्या उत्सवाला हत्ती बघायला लोक लांबनं येतात, आमची पोरं गच्चीवरनं आवाज ऐकत मोठी झाली.

शाळेत मल्याळम घ्यावंच लागतं. लेकीला भराभर आलं, बसच्या पाट्या तीच मला वाचून दाखवायची. मराठी बोलायची चांगली, पण लिहायला आलं की गप्प. जत्रेला गावी आलो की चुलत भावंडं तिला 'मद्रासी' म्हणायची. कुठलं केरळ आणि कुठलं मद्रास! आठवीला तिला सांगलीत दिराकडं ठेवली. पहिली चाचणी झाली, मराठीत ३५ पैकी ९. फोनवर रडली नाही, फक्त म्हणाली, "आई, इथं कुणालाच पाटी वाचून दाखवायला लागत नाही." ते मला लई लागलं. आता अकरावीला आहे, मराठी सुधारलंय, मल्याळम विसरालीय. दोन्ही सांभाळायचं कसं, कुणाला जमलं असंल तर सांगा.

पेठेतल्या शाळेत शिकवते, २२ वर्षं झाली

धागाकर्तीच्या मुलाबद्दल एक विचारू? त्याला मराठी आकडे कसे जमतात? माझ्या वर्गात पूर्वी जर्मनीहून आलेली एक मुलगी होती. बाहेरून आलेली बहुतेक मुलं 'त्रेपन्न', 'सत्तावन्न'ला अडतात, हिला फार त्रास झाला नाही. तिनंच मला सांगितलं की जर्मनमध्येही एकक आधी आणि दशक नंतर बोलतात, पाच-आणि-वीस असं. आपला पंचवीस तसाच की! २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस पाच' असं आलं आणि केवढा गदारोळ झाला, आठवत असेल. ती मुलगी अडायची ती फक्त एकोणतीस, एकोणचाळीसला. "बाई, नऊ कुठं गेला?" म्हणायची. मी तिला एक रुपया कमी पडलेल्या तीस रुपयांची गोष्ट सांगितली. मला तरी लहानपणी कोणी सांगितली होती का? पाठ केलं आणि पुढे गेलो.

पालकांना एवढंच सांगेन, पहिले सहा महिने शुद्धलेखनाचे गुण बघू नका. आणि मुलानं वर्गात हात वर करून "असं का?" विचारलं की आम्ही शिक्षक रागावत नाही, दचकतो. आम्हाला सवय नसते.

अमेरिकेहून, मुलगा ओसीआय

थोडक्यात लिहितो. मुलगा ओसीआय, म्हणजे भारतीय वंशाचा पण परदेशी नागरिक. शाळेच्या पोर्टलला आधार मागतात. ओसीआय कार्डवाल्याला आधार मिळतं, पण आधीच्या १२ महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेलं असावं लागतं. तोपर्यंत मुख्याध्यापकांनी तात्पुरती नोंद करून घेतली. दुसरं, मुलाला डॉक्टर करायचं मनात असेल तर आत्ताच विचार करा. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनंतर कार्ड काढलेल्यांना नीटमधून फक्त भारतीय नागरिकांसाठी राखलेल्या जागा मिळत नाहीत, अनिवासी भारतीयांच्या जागांवर जावं लागतं. त्याची फी ऐकून मी त्या रात्री जेवलो नाही. मुलगा दुसरीत आहे, त्याला क्रिकेटर व्हायचंय.

विश्रामबागकर

पेठेत राहायचं कौतुक चाललंय म्हणून उलटी बाजू. आम्ही दीड वर्ष मारुती रोडजवळ काढलं. मुलीला दमा. गणपतीचे दिवस, लग्नसराई, खाली लावलेल्या गाड्यांचा धूर. संध्याकाळी सहाला त्या रस्त्यावरून आठ वर्षांच्या पोरीला एकटी चालत सोडा, मग बोलू. जर्मनीत गाड्या थांबतात हो, इथे हॉर्न थांबत नाही. बाहेरची शाळा, बस, सगळं मान्य करून निघून आलो. पश्चात्ताप नाही.

एक आजी

सून टाइप करून देते आहे. नातू नऊ वर्षं फोनमध्येच होता. आता शाळेतून आला की दप्तर टाकतो आणि भडंगाचा डबा मांडीवर घेऊन बसतो. जेवायला नको म्हणतो. बोलावलं की "येस?" म्हणतो. "ओ" म्हणायला शिकवतेय, चार महिने झाले.

त्यातलाच एक पोरगा

मी तेरा वर्षांचा असताना बर्मिंगहॅमहून आलो, आता इंजिनिअरिंगला आहे. शाळेत मला 'लंडन' नाव पडलं. मी आजतागायत लंडन बघितलेलं नाही. पहिल्या आठवड्यात हजेरीला "यस सर" म्हटलं तर उच्चारावर अख्खा वर्ग हसला. दुसऱ्या आठवड्यात मुद्दाम "यस्स्सर" म्हणालो, तरी हसले. मग एकानं मधल्या सुट्टीत त्याच्या डब्यातली चटणी-भाकरी पुढे केली आणि विचारलं, "लंडनमध्ये काय खाता रे?" मी म्हटलं, वरण-भात. तो फार निराश झाला. आम्ही अजून मित्र आहोत.

आई-बाबा रात्री हळू आवाजात 'बोर्ड' आणि 'मीडियम'वर बोलायचे, मला सगळं ऐकू यायचं. मला कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं, मला फक्त सायकल पाहिजे होती.

धागाकर्ती

बाई, तुम्ही बरोबर ओळखलंत. पंचवीस, छत्तीस सरळ येतात, एकोणपन्नासला गाडी थांबते. एक रुपयाची गोष्ट आज सांगते. काल घरी आला आणि धाकटीला म्हणाला, "काय करालीस?" आजोबांनी टाळी दिली, मी आणि नवरा एकमेकांकडे बघत राहिलो.

सायकलचंही लिहून घेतलंय. कोणाकडे वीस इंची जुनी असेल तर कळवा, गावभागातून येऊन घेऊन जाऊ.