मदत हवी आहे: लॅन वायर टाकूनही स्पीड ९४ च्या वर जात नाही (ऐरोली)

ऐरोलीकर
नेटचा ३०० एमबीपीएसचा प्लॅन आहे. मागच्या खोलीत वायफाय सारखं तुटतं म्हणून पाइपातून वायर ओढून घेतली. तरी लॅपटॉपवर ९४! कधीही बघा, ९४. मग एवढी खटपट कशासाठी? बायकोचं अख्खं ऑफिस त्या खोलीतून चालतं. प्लीज लवकर सांगा.

घणसोली_७
वायर कुठली? लॅपटॉपचा पोर्ट १०० चा की गिगाबिट (१००० चा)? राउटरजवळ वायफायवर किती येतो?

ठाणे_पश्चिम
वायरच्या भानगडीत पडूच नका, मेश घ्या, म्हणजे घरभर एकच वायफाय पसरवणारी दोन-तीन युनिटं. घोडबंदर रोडला आमच्या फ्लॅटमध्ये एक युनिट हॉलमध्ये, एक पॅसेजमध्ये. विषय संपला.

तांब्याची_तार
नाही संपत. मेशची युनिटं सहसा एकमेकांशी हवेतूनच बोलतात, त्यात बराच वेग तिथेच जातो. वायफायचा ५ गिगाहर्ट्झ बँड (लहरींचा पट्टा) आरसीसी भिंतीपुढे दम टाकतो. २.४ पलीकडे पोहोचतो, पण टॉवरमध्ये शेजाऱ्यांच्या राउटरांची ही गर्दी, आणि एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६, ११. एका जागी बसून काम करायचं तर वायरच.

ठाणे_पश्चिम
माझ्या मेशला त्यासाठी वेगळा बँड आहे. सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका.

नेरुळ_सेक्टर
राउटरला छोटा यूपीएस आहे का? लाइट गेली की मीटिंग गेलीच. आधी ते करा.

ऐरोलीकर
यूपीएस आहे हो. हॉलमध्ये वायफायवर २८० येतो. वायरवर कॅट ६ (गिगाबिटला चालणारा दर्जा) छापलंय. पोर्ट दोन्हीकडे गिगाबिट.

तांब्याची_तार
मग ९४ हाच पुरावा. १०० एमबीपीएसच्या लिंकवर (वायरच्या दोन टोकांमधल्या जोडणीवर) पॅकेटांचा वरखर्च वजा जाता ९४-९५ च हाती लागतात. लिंक १०० वर अडकली आहे. वायरीत पीळ दिलेल्या तारांच्या चार जोड्या असतात; १०० ला नारिंगी आणि हिरवी अशा दोनच जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. निळी किंवा तपकिरी कुठेतरी सुटलीय. भिंतीतलं सॉकेट उघडा.

घणसोली_७
तार खरवडूनही बघा. आत पांढरट दिसली तर ती ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली, म्हणजे हलकी वायर. लांबीची चिंता नको, १०० मीटरपर्यंत चालतं.

खारघर_डोंगराकडचा
आतपर्यंत फायबरच ओढा ना. कायमचं काम.

तांब्याची_तार
दोन खोल्यांपुरतं? दोन्ही टोकांना कन्व्हर्टर लावत बसायचं, आणि पाइपात जोरात वाकलं की गेलं.

ऐरोलीकर
उघडलं! तपकिरी जोडी नुसती गुंडाळून मागे कोंबलेली. आणि निळी वायरमनने सोसायटीच्या इंटरकॉमला दिलीय!! पाइपात दुसरी वायर जात नव्हती म्हणे. आता काय करू?

तांब्याची_तार
इंटरकॉम त्यातून काढा. तो हॉलमध्येच, डक्टमधून त्याची वायर आत येते तिथे घ्या. मग दोन्ही टोकांना हाच क्रम: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त सोडवू नका, बाहेरचा गोंगाट त्या पिळामुळेच अडतो.

नेरुळ_सेक्टर
इंटरकॉमची रिंग वाजताना त्या जोडीवर बराच व्होल्टेज येतो. पोर्ट वाचला हे नशीब.

ऐरोलीकर
दुसऱ्या वायरमनकडून करून घेतलं. लिंक १००० दाखवतेय, स्पीड २८८. सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः तांब्याची_तार.

ठाणे_पश्चिम
छान झालं. पण त्या खोलीत मोबाइलचं काय? त्याला वायर लागत नाही. मेशचं एक युनिट याच वायरवर जोडा, वेग हवेत जाणार नाही.