मदत हवी आहे: मालदांडीचा एक पट्टा शेवटपर्यंत हिरवा राहिला, हा गुण बियाण्याचा की जमिनीचा?

नमस्कार. मंगळवेढ्याकडे आमची कोरडवाहू जमीन आहे आणि तीत वडील दरवर्षी घरच्याच बियाण्याची मालदांडी (रब्बी ज्वारीचा एक वाण) पेरतात. यंदा परतीचा पाऊस लवकर संपला, त्यामुळे पीक निसवल्यानंतर (कणसे बाहेर पडल्यानंतर) बहुतेक रानात खालची पाने वाळत गेली, दाणा बारीक राहिला आणि काढणीच्या सुमारास खडखड्या या बुरशीजन्य रोगाने ताटे लोळली. मात्र मधल्या एका पट्ट्यातली ताटे काढणीपर्यंत हिरवी राहिली. त्यांचा दाणा भरला, कडबाही चांगला निघाला.

माझे शिक्षण वनस्पतिशास्त्राचे आहे, म्हणून कारण शोधू लागलो. ओल कमी झाली की झाडात अ‍ॅब्सिसिक आम्ल हे संप्रेरक वाढते. २००९ मध्ये ओळखल्या गेलेल्या ग्राही प्रथिनांना ते चिकटते, तेव्हा एरवी या संदेशाची वाट अडवून धरणारी प्रथिने निष्प्रभ होतात, पानांवरच्या सूक्ष्म छिद्रांभोवतीच्या रक्षक पेशींतील क्षार बाहेर पडतात आणि ती छिद्रे, म्हणजे पर्णरंध्रे, मिटतात. पाणी वाचते, पण त्याच दारातून आत येणारा कार्बन डायऑक्साइडही अडतो. मग कणीस भरण्यासाठी झाड खोडात साठवलेली साखर ओढून घेते, खोड दुबळे होते आणि खडखड्याची बुरशी तिथे शिरते. आमच्या वाळलेल्या ताटांचे हेच झाले असावे.

हिरव्या पट्ट्याबद्दल मात्र दोन शक्यता मला सारख्याच पटतात. पहिली अशी की, तिथे काळ्या मातीचा थर जास्त खोल असेल, मुळांना ओल मिळत राहिली असेल आणि झाडांवर ताण आलाच नसेल. दुसरी शक्यता जनुकांची आहे. इथिओपियाच्या ज्वारीपासून आलेल्या बी-३५ या वाणात हिरवेपणा टिकवणारे चार गुणसूत्रभाग सापडले आहेत. त्यांच्यामुळे फुटवे कमी येतात, वरची पाने लहान राहतात, फुलोऱ्यापूर्वी पाणी कमी खर्च होते आणि ते दाणा भरताना उपयोगी पडते. या भागांत ऑक्सिन या वाढीच्या संप्रेरकाच्या वाहतुकीशी संबंधित जनुकेही आहेत, आणि फुटवे येणे-न येणे ऑक्सिनवर बरेच अवलंबून असते, ही बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते. कारण आमच्या हिरव्या पट्ट्यात फुटवे कमी होते, हे ताण पडण्याच्या कितीतरी आधी, कोळपणीच्या वेळीच वडिलांच्या लक्षात आले होते. अर्थात पेरणी तिथे दाट झाली असेल, तरीही फुटवे कमी दिसतील.

हिरव्या आणि वाळलेल्या ताटांची प्रत्येकी बारा कणसे मी वेगळी बांधून ठेवली आहेत. ज्वारीत बहुतांशी स्वपरागीभवन होत असल्याने गुण आनुवंशिक असेल तर तो पुढच्या पिढीत बराचसा टिकावा, असे समजून पुढच्या हस्त नक्षत्रात प्रत्येक कणसाची वेगळी ओळ, दोन्ही प्रकार आलटूनपालटून, एकाच खोलीच्या जमिनीत आणि समान अंतरावर पेरण्याचा विचार आहे.

माझे प्रश्न असे आहेत: प्रत्येक कणसाची एकच ओळ पुरेल, की ती रानात दोन-तीन ठिकाणी पुन्हा पेरावी? फुटव्यांची मोजणी नेमकी पेरणीनंतर किती दिवसांनी करावी? आणि उरलेले बियाणे नेहमीच्या साठ्यात मिसळायला वडील निघाले आहेत, तर त्यांना थांबवावे का? रब्बी ज्वारीवर प्रत्यक्ष काम केलेल्यांनी कृपया सांगावे.