राजम्याची पॅटी तव्यावर फुटते, काय चुकतंय?

आबा_लालबाग · रविवार, रात्री ९:४०

नमस्कार. वय ६८. सगळी नोकरी टूलरूममध्ये फिटर म्हणून झाली. स्वयंपाकघरात चहा आणि ऑम्लेट एवढीच माझी हद्द.

नात नववीत आहे, एरवी चिकन बर्गरवाली. श्रावण लागल्यापासून घरात ते बंद. (कांदा-लसूण चालतो, तेवढं कडक आम्ही पाळत नाही.) आलू टिक्कीचं नाव काढलं तर म्हणते, "आबा, तो चपटा केलेला बटाटेवडा आहे. मग वडापावच खाते ना!" मुद्दा बरोबर आहे. तिला हवा कडधान्य आणि धान्य घातलेला बर्गर, मोबाईलवर बघितलेला. मी बोलून गेलो की लोखंडाला आकार दिला, राजम्याला देता येणार नाही का? तोंडाला कुलूप हवं होतं.

पहिला घाणा असा: एक वाटी राजमा, काट्यावर १८० ग्रॅम, रात्रभर भिजवून सहा शिट्ट्या. अर्धी वाटी तांदळाचा मऊ भात. दोन्ही गरम असतानाच मिक्सरला फिरवलं. त्यात कच्चा कांदा, मिरची, आलं, कोथिंबीर, मीठ. हाताला चिकटत होतं तरी थापलं आणि बिडाच्या तव्यावर टाकलं. उलथनं सारलं तर वरचा अर्धा भाग माझ्याबरोबर आला, खालचा तव्याला धरून बसला. नातीने व्हिडिओ काढला.

दुसऱ्या घाण्यात चिडून मूठभर मैदा घातला, मग आणखी मूठभर. उलटली नीट, पण खाताना खोडरबर. शिवाय पावात घालून चावलं की पुढून दात लागतात आणि मागून पॅटी सटकून बाहेर. एक शर्टावर पडली.

सौ. ओट्याला टेकून सगळं बघत होती. एक शब्द बोलली नाही, हे जास्त लागलं.

पुढच्या रविवारी नातीच्या चार मैत्रिणी येणार आहेत. अंडं चालणार नाही. कोणी सांगेल का?

पार्ल्याची_माई · रात्री १०:२५

आबा, पाणी. सगळा घोळ पाण्याचा आहे.

राजमा शिजला की चाळणीत निथळायचा, ते पाणी आमटीला. मग ताटात पसरून पंख्याखाली ठेवायचा. पण या दिवसांत मुंबईत पंख्याखाली रुमाल वाळत नाही, राजमा कसला वाळतोय? म्हणून मी पावसाळ्यात कोऱ्या कढईत मध्यम आचेवर सात-आठ मिनिटं परतते. साल जराशी सुरकुतली, दाणे कढईत वाजायला लागले की झालं. पूर्ण गार होऊ द्या.

मिक्सरला हात लावू नका. गरम राजमा मिक्सरमध्ये गेला की त्याची खळ होते, पोस्टर चिकटवायची. पावभाजी रगडायचा मॅशर घ्या आणि रगडताना तिसरा हिस्सा दाणे अर्धेमुर्धे राहू द्या. खाताना दाताला काहीतरी लागायला हवं.

कांदा कच्चा घालाल तर मीठ लागताच तो पाणी सोडणार. आधी तेलावर तांबूस परता, गार करा, मग घाला. मीठ अगदी शेवटी, थापायच्या आधी.

आता मैद्याचं. मैदा कच्चा असतो आणि मळला की चिवट होतो, तेच तुमचं खोडरबर. घरात थालीपिठाची भाजणी असेल ना? या मापाला चार मोठे चमचे भाजणी. धान्य आणि डाळी भाजून दळलेल्या, त्यामुळे ओल पटकन ओढून घेते, कच्चट लागत नाही आणि धणे-जिरे आयते पडतात. घालून दहा मिनिटं झाकून ठेवा, लगेच थापू नका. थापल्यावर तासभर फ्रीजमध्ये. शिजलेल्या धान्यातला स्टार्च थंडीत आवळतो. रात्रीचा भात सकाळी मोकळा होतो, फोडणीच्या भाताला शिळाच बरा, ते याचमुळे.

सौ.ना विचारा. भाजणीचं त्यांनी पहिल्या घाण्यालाच ओळखलं असणार, तुम्ही विचारायची वाट बघत असतील.

फास्टलोकल · रात्री १०:५१

एवढा खटाटोप कशाला? राजमा दोनच शिट्ट्या काढा, जरा कच्चट ठेवा. दाणा राहतो, पाणीही पीत नाही. मी एकदा बहिणीच्या स्लो कुकरमध्ये मंद ठेवून केला होता, मस्त घट्ट राहिला होता.

लॅबवाली · रात्री ११:१४

फास्टलोकल, हा सल्ला कृपया मागे घ्या. बाकी कडधान्यांचं एक वेळ चालेल, लाल राजम्याचं नाही. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन, म्हणजे पोटाला विषासारखं बाधणारं एक प्रथिन, भरपूर असतं. चार-पाच कच्चे दाणेही पुरतात, एक ते तीन तासांत उलट्या सुरू होतात, मग जुलाब. भिजवलेलं पाणी फेकून, नव्या पाण्यात चांगला खळखळ उकळला की ते नष्ट होतं. कुकरमध्ये पाणी शंभर अंशांच्या वर जातं, त्यामुळे नीट मऊ शिजवला तर चिंता नाही. स्लो कुकरमध्ये मात्र पाणी ८० अंशांच्या आसपास राहिलं तर विष कमी व्हायचं सोडून वाढूही शकतं. आणि "तव्यावर भाजणारच आहे की" हा हिशोब धरू नका, पॅटीच्या पोटात तेवढी उष्णता पोचत नाही.

आबा, तुमच्या सहा शिट्ट्या योग्य आहेत. दाणा बोटांत धरून दाबा, मध्ये खडा लागला नाही की पुरे. जुना राजमा असेल तर सहालाही शिजणार नाही. तेव्हा शिट्ट्या मोजू नका, दाणा दाबून बघा.

कटलेट_मंडळ · रात्री ११:३०

पावात ठेवलं की बर्गर, बशीत ठेवलं की कटलेट. बारसं आधी, बाळ नंतर.

गंमत म्हणून सांगतो, १९८२ मध्ये लंडनला ग्रेगरी सॅम्सने व्हेजबर्गर म्हणून जे बाजारात आणलं, ते कोरडं मिश्रण होतं. घरी न्यायचं, ओलं करायचं, थापायचं, भाजायचं. माई म्हणतायत ती भाजणी दुसरं काय करते? आपल्या आज्यांनी दावा ठोकायला हवा होता.

फास्टलोकल · रात्री ११:४२

मागे घेतला. त्या रात्री घरात तिघांची पोटं बिघडली होती. मी आजवर पाणीपुरीवाल्याला शिव्या देत होतो.

दादर_पश्चिम · सोमवार, सकाळी ७:०५

ट्रेनमधून लिहितेय, थोडक्यात.

तांदळाऐवजी अख्खी ज्वारी घ्या. रात्रभर भिजवायची, कुकरची शिट्टी झाली की बारीक गॅसवर २५ मिनिटं, मग निथळायची. भातासारखी चिकट होत नाही, दाणा दाताखाली टचकन फुटतो. राजम्याचा कंटाळा आला तर चवळी, पण चवळी लवकर लगदा होते, डोळा ठेवा. चवळीबरोबर वरीचे तांदूळ घट्ट शिजवून घातले तर भाजणीही कमी लागते, वरी स्वतःच चिकटून बसते.

पॅटी मागून सटकते कारण ती पावापेक्षा कडक आहे. दात आधी मऊ वस्तूत शिरतो आणि कडक वस्तूला ढकलतो. तेव्हा पॅटी मऊ करा किंवा पाव थोडा कडक करा. पाव आडवा कापून आतली बाजू बटरवर खरपूस भाजून घ्या. चटणीने भिजत नाही आणि पॅटी धरून ठेवतो. बर्गर बनसाठी धावाधाव नको, लादीपाव चालतो. फक्त पॅटी त्या मापाची करा.

स्टेशन आलं.

पार्ल्याची_माई · सोमवार, दुपारी २:१०

ज्वारीला अनुमोदन. आणि बिडाच्या तव्याबद्दल राहिलं होतं: तवा आधी चांगला तापवा, मग तेल, मग आच मध्यम. टाकल्यावर चार-पाच मिनिटं हात लावायचा नाही. कड तांबूस झाली की पॅटी आपणहून तवा सोडते. नाही सोडली तर झालेली नाही. धिरड्याचा नियमच.

आबा_लालबाग · पुढचा रविवार, रात्री १०:०५

सर्वांचे आभार. अहवाल देतो.

सोमवारीच सौ.ला विचारलं, भाजणी कुठे आहे. म्हणाली, "विचारलंत एकदाचं." डबा फळीवर माझ्या डोळ्यांसमोरच होता.

माप: राजमा एक वाटी, शिजून निथळून ४०० ग्रॅमच्या आसपास. ज्वारी अर्धी वाटी, शिजून २०० च्या आतबाहेर. परतलेला एक मोठा कांदा, चार चमचे भाजणी, मिरची-आलं, मसाला गल्लीतून कुटून आणलेला आमचा नेहमीचा मसाला एक चमचा. राजमा कढईत परतला, खरोखरच वाजायला लागतो. ते कानाला कळतं, घड्याळ बघावं लागलं नाही.

हाताने थापल्या तर प्रत्येक पॅटी वेगळ्या जाडीची. कड पातळ, मध्ये जाड. पातळ कड आधी करपते आणि तिथूनच चीर जाते. हे माझ्या धंद्यातलं दुखणं, ते मला कळलं. लोणच्याच्या बरणीचं झाकण घेतलं, आतून ९ सेंटिमीटर. त्यात दुधाच्या पिशवीचा धुतलेला तुकडा अंथरला, ८५ ग्रॅम मिश्रण भरलं, वाटीच्या बुडाने दाबलं, पिशवी धरून उचललं. जाडी १२ मिलिमीटर, सगळीकडे सारखी. एकूण आठ झाल्या, चमचाभर उरलं ते सौ.ने चाखलं आणि मीठ कमी म्हणाली. तोवर थापून झालं होतं. फ्रीजमध्ये तासभर.

आठपैकी सात अखंड उलटल्या. आठवी मी घाईने तीन मिनिटांतच उचकटली, तिची कड तव्यावर राहिली. ती मीच खाल्ली. पाव बटरवर भाजले, आत लसणाची लाल चटणी आणि कांद्याची चकती. लादीपावापेक्षा पॅटी थोडी मोठी झाली, चारी बाजूंनी डोकावत होती. मुलींना तेच आवडलं. मागून कुणाचीच सटकली नाही. एक मुलगी म्हणाली, "आजोबा, मीठ थोडं कमी आहे." सौ. स्वयंपाकघरात हसली, बाहेर ऐकू आलं.

नातीचं म्हणणं, चिकनसारखी लागत नाही, पण परत कर. सौ.ने तिच्या वाटणीची पावाशिवाय, ताकाबरोबर खाल्ली आणि हे कटलेटच आहे म्हणाली. कटलेट_मंडळ, नोंद घ्यावी.

आता नवी भानगड. नातीने बुधवारी डब्यात नेण्यासाठी सहाची ऑर्डर दिलीय, आणि भाजणीचा डबा तळाला गेलाय. सौ. म्हणते, संपवली त्यानेच भाजायची. गिरणीतून दळून आणायचं काम माझ्याकडे आधीपासूनच आहे, पण धान्य भाजायचं कधी केलेलं नाही. माई, ज्वारी, बाजरी, तांदूळ आणि डाळी एकत्रच भाजायच्या, की प्रत्येक वेगळं?

पार्ल्याची_माई · रविवार, रात्री १०:१९

वेगवेगळं, आबा. प्रत्येक दाण्याची वेळ वेगळी. उडीद डाळ शेवटी, ती डोळ्यांदेखत करपते. आणि धणे भाजताना खिडकी उघडी ठेवा, शेजारी विचारायला येतील.