मेअखेरीस तंबूत राहण्यासाठी पवना की भंडारदरा?

प्रश्न : आई-वडील आणि सात वर्षांच्या मुलीसह पुण्याहून दोन रात्रींसाठी तलावाकाठी जायचे आहे. कोणते ठिकाण सोयीचे ठरेल?

उत्तर : पवना जवळ आहे आणि समोर तुंग-तिकोना किल्ले दिसतात, परंतु शनिवारी शेजारच्या ध्वनिवर्धकामुळे आमचा रात्रभर डोळा लागला नाही.

उत्तर : मी भंडारदरा सुचवेन. त्या सुमारास जलाशयाचे पाणी बरेच ओसरलेले असते, म्हणून तंबूपासून काठापर्यंत भेगाळलेल्या गाळातून किती चालावे लागेल आणि शौचालय किती दूर आहे, हे आगाऊ पैसे भरण्यापूर्वीच विचारून घ्यावे. पावसाच्या तोंडावर तेथे हिरड्या-बेहड्यांवर काजवे लुकलुकतात. मुलीला पाण्यात मात्र उतरू देऊ नये.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. सोमवार-मंगळवारी भंडारदऱ्यालाच जाऊ.