अनुभव धागा: गावाच्या ग्रुपवरची चर्चा ठरावापर्यंत पोचली का?

तापीकाठची
मंडळी, १ मेची आमची ग्रामसभा कोरम नाही म्हणून तहकूब झाली. रावेर तालुका, केळीचा पट्टा, गाव चांगलं मोठं. कोरम म्हणजे मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, जे कमी असेल ते, तेवढेही जमले नाहीत. आणि तहकूब सभेला कोरम लागतच नाही, मग पुढच्या खेपेला वीस-पंचवीस जण बसले आणि विषय मंजूर. त्याच आठवड्यात गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाण्यावरून रात्री बारापर्यंत मेसेज चालू होते हो! एवढं बोलणारी माणसं सभेला का येत नाहीत, कशाने येतील, हे मला मनापासून जाणून घ्यायचंय. तुमच्याकडे काय झालं ते लिहा, फसलं असेल तरी लिहा. फक्त गावाचं नि माणसांचं नाव नको.

बोरीकाठ
ताई, आमच्या गल्लीतल्या गटारीची गोष्ट सांगते. ई-ग्रामस्वराज या सरकारी वेबसाइटवर कोणत्याही पंचायतीचा कामांचा आराखडा बघता येतो, पुतण्याने बघितला तर आमची गटार पूर्ण दाखवलेली, आणि दारासमोर तर सांडपाणी वाहतंय. त्याने स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला आणि दोन दिवस नुसता भडका, कोणी कोणाला काय बोललं ते लिहवत नाही, शेवटी ॲडमिनने ग्रुपच बंद करून ठेवला. तेव्हा ग्रामसेवक भाऊ म्हणाले, इथे कितीही लिहा, प्रोसिडिंगला, म्हणजे सभेच्या नोंदवहीत आलं तरच ते गावाचं म्हणणं. राग आला होता पण बरोबर होतं त्यांचं.

ग्रामसभेआधी महिला सभा असते, ती आमच्याकडे कागदावरच व्हायची. यावेळी बचत गटातल्या एका ताईने व्हॉइस नोट केली, अहिराणीत, "उद्या महिलासभा शे, समद्या बायासनी येवानं, गटारना विषय शे." बायकांकडे फोन नाहीत, फोन पोरांकडे, म्हणून पोरांना सांगितलं ओट्याओट्यावर जाऊन वाजवा. साठेक बायका आल्या, काही तर शेतातून तशाच. गटार मोजून घ्या असा ठराव झाला आणि सगळ्या जणी तिथंच बसून राहिल्या, आधी काय लिहिलं ते वाचून दाखवा, मग उठू. दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत तोच विषय पुढे घेतला. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत ६० टक्के पाणी नि स्वच्छतेसाठीच बांधलेला होता हे पुतण्याने आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे "पैसाच नाही" हे उत्तर चाललं नाही. अर्धी गटार झालीय, अर्ध्यासाठी मागे लागलोय. ठराव लिहिलेल्या त्या पानाचा फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे.

शिरपूरचा भाऊ
पोल घेऊ नका भो. आमच्याकडे घेतला, पुण्या-सुरतेला राहणाऱ्या पोरांनी मतं दिली, व्यायामशाळा पहिली आली. ज्या वस्तीत टँकर येतो तिथल्या लोकांचे नंबरच ग्रुपमध्ये नाहीत, त्यांना विचारलंच नाही कोणी. फार वाईट वाटलं मला, कारण पोल मीच टाकला होता.

कॉलनीतून
मी शहरात राहते. शहरात ग्रामसभेसारखं हक्काचं काही नाही, क्षेत्रसभेची, म्हणजे वॉर्डातल्या मतदारांच्या सभेची तरतूद २००९ मध्ये कायद्यात आली पण आमच्या भागात एकही झालेली मी बघितली नाही. आम्ही खड्ड्यांचे फोटो फेसबुकवर टाकायचो, लाईक यायचे, खड्डे तसेच. मग फोटोंना नंबर दिले, कोणत्या घरासमोर ते लिहिलं, प्रिंट काढून आवक-जावकला दिले आणि शिक्का मारलेल्या प्रतीचा फोटो दर सोमवारी ग्रुपवर टाकत गेलो. दीड महिन्याने इंजिनियर साहेब बघायला आले. व्हॉल्व्हमन दादा पण आता पाणी सुटायची वेळ ग्रुपवर टाकतात, एवढ्यानेसुद्धा बायकांची झोप वाचते.

सातपुड्यातली
धडगावकडची आहे मी. आमचा तालुका पेसात, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या कायद्यात येतो आणि आमचा पाडा वेगळं गाव म्हणून जाहीर झालाय, म्हणजे ग्रामसभा आमची स्वतःची आणि पेसाचा ५ टक्के अबंध निधी कशावर लावायचा ते तीच ठरवते. पण दिवाळीनंतर निम्मा पाडा ऊसतोडीला गुजरातेत. मागे राहतात म्हातारी माणसं नि लहान पोरं. बांध कुठे घालायचा यावर सभा लागली तेव्हा मी मुकादमाच्या फोनवर व्हॉइस नोट पाठवली, आमच्या पावरीत, इथे रेंज फक्त टेकडीवर म्हणून रोज संध्याकाळी वर चढायचे. तिकडून उत्तरं आली, पाच-सहा जणांनी सांगितलं की तिथे नका घालू, वरच्या नाल्याला घाला, खाली खडक फुटका आहे, पाणी थांबणार नाही. हे इथे बसलेल्या कोणाला माहीत नव्हतं, कारण ती जमीन कसणारे तेच.

पण फोनवरचा माणूस कोरममध्ये धरत नाहीत. म्हणून सभा पुढे ढकलली, होळीला सगळे परत येतात तेव्हा घेतली. बांध वरच्या नाल्यालाच झाला. यंदा मार्चपर्यंत त्यात पाणी होतं, गुरं तिथेच जात होती.

तापीकाठची
सगळ्यांचं वाचलं, सातपुड्यातल्या ताईंचं दोनदा. आमच्याकडे केळी कापणीचे मजूर पहाटे निघतात नि दुपारनंतर परततात आणि सभा असते सकाळी अकराला, हे आत्ता लक्षात येतंय. १५ ऑगस्टच्या सभेची वेळ बदला असा अर्ज उद्याच देते. नोटीस सात दिवस आधी लागते, तेवढे दिवस रोज एक नोट टाकायची, पहिली माझ्या आजीच्या आवाजात. शिरपूरच्या भाऊंचं ऐकून टँकरच्या वस्तीत मात्र पायीच जाणार. बोरीकाठच्या ताई, ती महिलासभेची नोट मला पाठवाल का? आजीला ऐकवायचीय.