बालगृहासाठी क्रोशाचे टेडी: भरण बाहेर दिसतंय, मान लटकतेय

लोकरगुंडी
आमच्या भिशीच्या गटाने एका बालगृहासाठी ४० टेडी विणायला घेतले आहेत. मुलं २ ते ९ वयाची. सध्या चार नमुने तयार आहेत. लोकर साधी ॲक्रेलिक, लेबलवर ४ मिमीची सुई सुचवली आहे, म्हणून तीच वापरली. अडचणी अशा:
१. फायबर भरल्यावर टाक्यांमधून पांढरं दिसतं.
२. डोकं एका बाजूला लटकतं.
३. डोकं गोल न होता षटकोनी दिसतं.
४. डोळ्यांना बटणं लावावीत की बाजारातले प्लास्टिकचे?
मुलींसाठी बाहुलीचे कपडेही द्यायचे आहेत, पण तो प्रश्न नंतर. एकूण लोकर किती घ्यावी याचाही अंदाज हवा आहे.

आडवाधागा
लेबलवरचा नंबर स्वेटरसाठी असतो, खेळण्यासाठी नाही. स्वेटरचं कापड लोंबायला हवं, टेडीचं घट्ट हवं. त्याच लोकरीला २.५ किंवा २.७५ची सुई घ्या. हात सैल असेल त्यांनी २.५च. सगळं मुक्या खांबात (सगळ्यात बुटका, घट्ट टाका) विणा, खांब किंवा अर्धा खांब हे उंच टाके नको, त्यात फटी राहणारच. नेटवरचा पॅटर्न बघत असाल तर एक गोष्ट तपासा: अमेरिकन पॅटर्नमधला 'सिंगल क्रोशे' म्हणजे आपला मुका खांब, आणि त्यालाच ब्रिटिश पॅटर्नमध्ये 'डबल क्रोशे' म्हणतात. चारपैकी एखादा टेडी दुप्पट उंच झाला असेल तर कारण हेच.

अजून एक. कापडाची सुलट बाजू बाहेर आहे ना? बाहेरून छोटे छोटे 'व्ही' दिसले पाहिजेत. आडव्या दांड्या दिसत असतील तर तुकडा उलटा आहे, तिसऱ्या-चौथ्या फेरीतच पलटवून घ्या.

षटकोनाचं कारण: प्रत्येक फेरीत वाढ (एकाच टाक्यात दोन टाके) आधीच्या वाढीच्या डोक्यावरच येते, त्यामुळे सहा कोपरे तयार होतात. एकाआड एक फेरीत वाढ सरकवायची. उदा. १८ वरून २४ करताना 'दोन साधे, एक वाढ' असं सहा वेळा न करता, एक साधा, एक वाढ, मग 'दोन साधे, एक वाढ' पाच वेळा, शेवटी एक साधा. टाके तेवढेच, कोपरे गायब.

१७-१८ सेंमीच्या टेडीचं माप देते, आकडे म्हणजे प्रत्येक फेरीतले टाके. सगळं गोल-गोल सलग, फेरी जोडायची नाही, पहिल्या टाक्यात खूण अडकवायची. खूण नसली की मोजणी चुकतेच.

डोकं: मॅजिक रिंगमध्ये (ओढून आवळता येणारा सुरुवातीचा फास) ६, मग १२, १८, २४, ३०, ३६. सहा फेऱ्या ३६ सरळ. मग ३०, २४, १८. तोंड उघडं ठेवा.
धड (खालून सुरू): ६, १२, १८, २४, ३०. पाच फेऱ्या ३० सरळ. मग २४, आणि २४च्या अजून तीन. मग १८च्या दोन.
हात दोन: ६, १२, १२च्या अजून दोन, तीन घट (दोन टाक्यांचा एक) करून ९, मग ९च्या सात.
पाय दोन: ६, १२, १५, १५च्या अजून तीन, घट करून १२, मग १२च्या सहा.
कान दोन: ६, १२, १२च्या अजून दोन. भरायचे नाहीत, चपटे.
नाकाडासाठी: ६, १२, १८, १८.

घट करताना दोन्ही टाक्यांच्या फक्त पुढच्या धाग्यातून सुई घाला. पूर्ण टाका घेतला तर तिथे भोक राहतं आणि नेमकं तिथूनच भरण डोकावतं.

सैलगाठ
मान लटकण्याची कारणं दोनच. एक, गळा १२ टाक्यांपर्यंत आवळलेला असतो. दोन, गळ्यात भरण नसतं. वरच्या मापात डोकं आणि धड दोन्ही १८वर थांबतात ते त्यासाठीच. दोन्हीत भरण घट्ट भरा, जोडाजवळ अजून एक बोटभर ठासा, आणि टाक्याला टाका लावून अठराही शिवा. अर्ध्यावर आल्यावर पुन्हा भरण कोंबा. शिवताना ते आत दबतं आणि नेमकी मानच पोकळ राहते.

भरण एकदम गोळा करून घालू नका. पिंजून, सुपारीएवढं घेत कडेकडेने भरा, मध्य सगळ्यात शेवटी. नाहीतर पहिल्या धुण्यातच गाठी होतात. हातांत फक्त पंजात भरण, वरचा भाग चपटा, म्हणजे हात खाली पडतात, पंख्यासारखे बाहेर येत नाहीत.

साधा कापूस नको. तो पाणी धरून ठेवतो, आतून वाळत नाही, पावसाळ्यात कुबट वास येतो. जुन्या उशीतलं भरणही नको. पॉलिएस्टर फायबर घ्या. धान्य, मणी, थर्मोकोलचे गोळे हे तर विचारातही नको, एक टाका उसवला की सगळं मुलाच्या तोंडात.

अंदाज: एका टेडीला साधारण ४० ग्रॅम लोकर आणि २५ ग्रॅम फायबर. ४० टेडींना १.६ किलो लोकर, १ किलो फायबर. वर दहा टक्के धरा. आणि एका रंगाची लोकर एकाच वेळी, एकाच लॉट नंबरची (लेबलवरचा रंगाईच्या खेपेचा नंबर) घ्या. दोन लॉटमध्ये तपकिरी रंगही जुळत नाही.

लोकरगुंडी
धन्यवाद. लॉट नंबर बघितलाच नव्हता! डोळ्यांचं काय? 'सेफ्टी आय' नावाने मागे वॉशर असलेले मिळतात ते चालतील ना?

फ्रेंचनॉट
नाही. नावात सेफ्टी आहे म्हणून ते सुरक्षित होत नाहीत. मागचं वॉशर घट्ट विणलेल्या कापडात अडकतं, पण क्रोशाचं कापड ताणतं. मुलाने दातात धरून ओढलं की टाका रुंदावतो आणि डोळा वॉशरसकट बाहेर येतो. तुमच्याकडे २ वर्षांची मुलं आहेत, आणि बालगृहात खेळणी हातोहात फिरतात, मोठ्याला दिलेलं छोट्याकडे जाणारच. म्हणून सगळ्याच टेडींना भरतकामाचे डोळे.

कृती: डोक्याच्या ८व्या आणि ९व्या फेरीच्या मधोमध, दोन डोळ्यांत ७ टाके अंतर. काळ्या धाग्याचे सहा पदर, एकाच जागी चार-पाच उभे टाके जवळजवळ. कडेला पांढऱ्याचा एक छोटा टाका घातला की नजर जिवंत होते. हे सगळं डोकं भरण्याआधी, म्हणजे गाठी आत मारता येतात. नाकाडं मात्र थोडं भरून मग शिवा. काळ्या धाग्याचा रंग जातो का ते आधी ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून बघा, नाहीतर धुतल्यावर टेडी रडल्यासारखा दिसतो.

कान, हात, पाय शिवायला विणतानाच २५ सेंमी धागा सोडून ठेवा. कानाचे दोन्ही पदर पकडून शिवा, मग धाग्याचं टोक धडात तीन वेगवेगळ्या दिशांनी फिरवून कापा. एकाच दिशेने घातलेलं टोक दोन धुण्यांत बाहेर येतं. शेवटी प्रत्येक कान चिमटीत धरून पूर्ण जोर लावून ओढा. हललं तर उसवून पुन्हा. हळूच ओढून 'बरं आहे' म्हणू नका, मुलं हळूच ओढत नाहीत.

आडवाधागा
+१. आणि ते मखमली, केसाळ धागे घेऊ नका. दिसायला गोड, पण केस गळतात, टाके दिसत नाहीत आणि गाठ सरकते.

उलटसुलट
कपड्यांबद्दल. वेगळा अंगरखा घालण्यापेक्षा कपडे अंगातच विणा, हे मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. धड १०व्या फेरीपर्यंत निळं, वर पिवळं, पाय निळे, हात पंज्यानंतर पिवळे. म्हणजे विजार आणि सदरा. काढता येत नाही म्हणून हरवतही नाही. अमेरिकेत मिनेसोटामध्ये २००३ साली सुरू झालेल्या मदर बेअर प्रोजेक्टने (मुलांना हाताने विणलेले टेडी पाठवणारा उपक्रम) अशा टेडींना छातीवर लाल हृदय शिवायची पद्धत रुळवली. रंग बदलताना आधीच्या टाक्याचा शेवटचा ओढा नव्या रंगाने घ्या, नाहीतर अर्धा टाका जुन्या रंगाचा राहतो. आणि बदल पाठीमागे ठेवा, सलग फेरीत तिथे पायरी दिसते.

काढता-घालता येणारी बंडी हवीच असेल तर: ३.५ची सुई, अर्धा खांब, ३६ टाके, ४ ओळी. मग पुढचे ८ टाके ३ ओळी, २ सोडा, पाठीचे १६ टाके ३ ओळी, २ सोडा, पुढचे ८ टाके ३ ओळी. खांद्याला दोन्हीकडे बाहेरचे ४-४ टाके शिवा. पुढून उघडी असल्यामुळे डोक्यावरून घालायला लागत नाही. टेडीचं डोकं धडापेक्षा मोठं असतं, बंद गळा विणला तर तो घालताच येत नाही.

बाहुलीसाठी (साधारण २९ सेंमीची) फ्रॉक पायाकडून वर चढेल असा विणा, कंबरेत ताणणारी लवचीक ओळ ठेवा. टिचबटण नको, वेल्क्रोही नको. टिचबटण सुटून तोंडात जातं, वेल्क्रो लोकरीला चिकटून तिचे धागे ओढतो. गळ्याला सुटी रिबन बांधू नका.

सैलगाठ
देण्याआधी प्रत्येक टेडी जाळीच्या पिशवीत घालून धुवा, पिळू नका, दाबून पाणी काढा, सावलीत वाळवा. ॲक्रेलिकला इस्त्री लावली तर ते मऊ पडून मेल्यासारखं होतं, परत येत नाही. पूर्ण वाळल्यावरच एकेक पिशवीत. पावसाळ्यात आतला ओलावा जायला दोन-तीन दिवस लागतात, दाबून बघा, गार लागलं तर अजून ओलं आहे.

आणि बालगृहात आधी विचारा: मुलं नेमकी किती, नवीन आली तर काय. ४० मुलांना ४० नाही, ४५ न्या. एकाला टेडी आणि एकाला नाही असं झालं तर तिथे भांडण लावून आल्यासारखं होतं. कुणी पुढे रुग्णालयाच्या बालविभागाचं बघणार असेल तर संसर्गाचे नियम वेगळे असतात, तिथल्या सिस्टरना आधी विचारायचं, विणून मग नाही.

लोकरगुंडी
४५ धरते. वरचे दहा टक्के धरून लोकर २ किलो, फायबर सव्वा किलो. चार नमुन्यांपैकी दोन उसवते आणि २.७५वर परत विणते, उरलेले दोन कान ओढायच्या चाचणीला.

फ्रेंचनॉट
उसवलेली लोकर वाकडी झालेली असते. लगेच विणू नका, लच्छी करून कोमट पाण्यात बुडवा आणि टांगून वाळवा, नाहीतर टाके लहान-मोठे पडतात.