कॅन्सास सिटीतली २४० फुटांची घरं आणि बेघर माजी सैनिक, कोणी गेलंय का तिथे?

करवीरकर_केसी:
नमस्कार मंडळी, कॅन्सास सिटीजवळच्या ओव्हरलँड पार्कला येऊन आठच महिने झालेत त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. पुढच्या महिन्यात ऑफिसचा व्हॉलंटिअर डे आहे आणि यादीत व्हेटरन्स कम्युनिटी प्रोजेक्ट दिसलं, बेघर माजी सैनिकांसाठी बारकी बारकी घरं. परवा ट्रूस्ट अव्हेन्यूवरून जाताना मुद्दाम गाडी हळू केली, ओळीने घरं, प्रत्येकाला आपलं दार. पण दोन गोष्टी डोक्यात बसत नाहीयेत. आमच्या गावाकडे फौजेतून आलेला म्हणजे पेन्शन, कँटीनचं कार्ड, वर बँकेत नाहीतर सिक्युरिटीत दुसरी नोकरी. इथे तर सैनिकाला विमानात आधी चढवतात, मॅचला उभं राहून टाळ्या वाजवतात, मग त्यातलाच माणूस फुटपाथवर कसा काय? आणि दुसरं म्हणजे २४० स्क्वेअर फुटात माणूस ठेवायचा, ही चकचकीत झोपडपट्टीच झाली ना?

चाळकरी_७२:
२४० फूट?? आम्ही सात जण बीडीडीच्या १६० फुटात वाढलो आणि संडास बाहेर कॉमन. मला एकट्याला एवढं मिळालं असतं तर लग्नच केलं नसतं. चालू द्या.

मिसूरीची_माई:
चाळकरी 😂 पण मुद्दा बरोबर आहे, एकट्या माणसाला आत किचन, बाथरूम, एसी, हीटर सगळं आहे. कुटुंबाला ३२० फुटांचं. मी तिथे बऱ्याचदा जाते म्हणून जरा लांबण लावते.

करवीरकर, पेन्शनचंच घ्या. आपल्याकडे जवानाला १५ वर्षांवर पेन्शन, इथे २० वर्षं काढावी लागतात आणि बहुतेक पोरं चार-सहा वर्षांत बाहेर पडतात, म्हणजे पेन्शन शून्य. जखमी असेल तर डिसॅबिलिटी मिळते पण ती कागदपत्रांनी सिद्ध करा, अपील करा, तोवर नोकरी गेलेली, बायको गेलेली, दारू लागलेली. त्यात फौजेतून सोडताना कागदावर मारतात तो डिस्चार्जचा शेरा ऑनरेबल, म्हणजे सन्मानाने सोडलं असा, नसेल तर व्हीएच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या सरकारी खात्याच्या, बऱ्याच सवलती अडतात, आणि गंमत म्हणजे युद्धावरून आलेला माणूस बिथरून भांडला म्हणूनच तो शेरा बसलेला असू शकतो. नॅशनल गार्डमध्ये, म्हणजे राज्याच्या राखीव फौजेत, असून कधी केंद्र सरकारच्या (फेडरल) ड्युटीवर गेला नसेल तर सरकारी हिशोबात व्हेटरनच नाही. ही अशी फटीत पडलेली माणसं बघूनच ख्रिस स्टाउट आणि त्यांच्या माजी सैनिक मित्रांनी हे काढलं. स्टाउट स्वतः अफगाणिस्तानात जखमी झालेले. २०१८च्या जानेवारीत पहिली १३ घरं उघडली, आता ४९ आहेत. वर्दी घालून शपथ घेतली ना, मग ये, डिस्चार्ज कसला ते विचारत नाहीत.

आता लहान का, तर पैसा आहेच पण तेवढंच नाही. शेल्टरमध्ये चाळीस खाटांच्या हॉलमध्ये पीटीएसडीवाला, म्हणजे युद्धाचा मानसिक धक्का बसलेला माणूस, झोपू शकत नाही, कोणीतरी खोकलं की हा उठून बसतो. इथे भिंत सामायिक नाही, आणि कोपऱ्यात पाठ टेकून बसलं की दारासकट अख्खी खोली नजरेत येते, आराखडाच तसा केलाय. भाडं नाही, वीजबिल नाही. मात्र कायमचं घर नाही हे, केसवर्करबरोबर बसून कागद, कर्ज, दवाखाना, नोकरी मार्गी लावायची आणि भाड्याच्या घरात जायचं, जाताना आतलं फर्निचर, भांडी सगळं घेऊन. मला विचाराल तर घर हे निमित्त, खरं काम केसवर्करचं. फोटो मात्र घरांचेच निघतात.

सातारी_फौजीचा_पोरगा:
माई, हे वाचून पोटात गोळा आला. आमचे अण्णा १७ वर्षं करून हवालदार म्हणून उतरले, पेन्शनवर तिघांची शिक्षणं झाली. आता चुलतभाऊ अग्निवीर आहे, चार वर्षांनी त्यांच्यातले २५ टक्केच ठेवणार, बाकीच्यांना साधारण पावणेबारा लाख सेवानिधी देऊन घरी, पेन्शन नाही. आपल्याकडे घर, शेत, भावकी आहे म्हणून लगेच कोणी रस्त्यावर येणार नाही, पण 'फौजी म्हणजे पेन्शन' हे समीकरण आपलंही बदलतंय, तेव्हा अमेरिकेला हसण्यात अर्थ नाही.

एलएचा_अप्पा:
मी जरा वाकडं बोलतो. टायनी होम म्हटलं की सगळं एकाच पारड्यात टाकू नका. आमच्या लॉस एंजेलिसला, वेस्ट एलएच्या व्हीए कॅम्पसवर ८ बाय ८ फुटाच्या शेड उभ्या केल्या, ६४ स्क्वेअर फूट, संडास बाहेर, आणि २०२२ला आग लागून त्यातल्या बऱ्याच जळाल्या. आणि जागा किती तर ३८८ एकर, १८८८ साली सैनिकांच्या घरांसाठीच दान दिलेली! त्यातली खाजगी शाळेला, यूसीएलए विद्यापीठाच्या बेसबॉल मैदानाला भाड्याने, शेवटी माजी सैनिकांनाच कोर्टात जावं लागलं आणि २०२४ला निकाल त्यांच्या बाजूने लागला. दुसरं, २०१०ला देशभर ७४ हजारांच्या वर बेघर माजी सैनिक मोजले होते, २०२४ला ३२,८८२. बाकीचे बेघर वाढत असताना हे निम्म्याहून कमी झाले, आणि त्याचं मोठं श्रेय हड-व्हॅशला जातं, म्हणजे भाड्याचं व्हाउचर अधिक व्हीएचा केसवर्कर. ४९ घरांनी आकडा हलत नाही हो.

मिसूरीची_माई:
अप्पा, कबूल. पण ज्याच्या डिस्चार्जच्या शेऱ्यामुळे व्हाउचरच अडलंय, किंवा घरमालक व्हाउचर बघून फोनच उचलत नाही, त्याने आज रात्री झोपायचं कुठे? आणि तुमच्या शेडला मी तरी घर म्हणणार नाही, आत संडास नसेल तर ती पत्र्याची पेटी.

एलएचा_अप्पा:
पेटीला अनुमोदन.

करवीरकर_केसी:
झोपडपट्टी शब्द मागे घेतो. नाव नोंदवलंय, शनिवारची पाळी मिळाली. माई, मला हातोडी नीट धरता येत नाही, काही वेगळं काम असतं का?

मिसूरीची_माई:
मलाही येत नाही. रिकामं झालेलं घर पुढच्यासाठी मांडायचं काम मागून घ्या, पलंगावर चादर घालायची, कपाटात ताटल्या-कप लावायचे. आणि तिथे कोणी राहणारा भेटला तर 'थँक यू फॉर युअर सर्व्हिस' म्हणू नका, ते ऐकून ऐकून कंटाळलेत. सरळ चीफ्सच्या, म्हणजे इथल्या फुटबॉल टीमच्या, मॅचचं विचारा, पुढचा अर्धा तास तुम्हाला बोलावंच लागणार नाही.